उष्णतेच्या ताणात गाईंना बायपास फॅट देताना

बायपास फॅट म्हणजे गाईच्या पहिल्या पोटात न फुटता पुढे आतड्यात जाऊन पचणारं फॅट. त्याची गोणी फोडण्याआधी आम्ही पाच दिवस फक्त वजनं घेतली. गव्हाणीत किती टाकलं आणि दुसऱ्या दिवशी नवीन वैरण टाकण्याआधी झाडून किती निघालं, एवढंच. या दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे गाईंनी खाल्लेली ओली वैरण. तिच्यातलं पाणी वजा केल्याशिवाय पुढचा हिशेब जमत नाही, म्हणून मुरघास, हिरवा चारा आणि उरलेली वैरण यांचा प्रत्येकी 100 ग्रॅम नमुना मायक्रोवेव्हमध्ये वाळवला. आत कडेला अर्धा ग्लास पाणी ठेवायचं, नाहीतर शेवटी शेवटी चारा पेट घेतो. आधी तीन-चार मिनिटं, मग एकेक मिनिट, दर वेळी बाहेर काढून वजन. लागोपाठ दोनदा तेच वजन आलं की थांबायचं. 100 ग्रॅम मुरघासाचे 32 ग्रॅम उरले तर शुष्क पदार्थ 32 टक्के. कोवळ्या हिरव्या चाऱ्यात हाच आकडा 20 किंवा त्याहूनही खाली असतो, खुराकात 90 च्या आसपास.

काम कंटाळवाणं आहे. ते टाळून थेट ‘गाईला 300 ग्रॅम’ अशी सुरुवात करणारे बरेच असतात आणि पुढच्या निम्म्या भानगडी तिथेच उगम पावतात. गार हवेत 20 किलो शुष्क पदार्थ खाणारी गाय उष्णतेच्या ताणात 17 किलोवर येते, कधी आणखी खाली. वहीत मात्र 20 च लिहिलेले असतात. फॅटची सगळी मर्यादा ही खाल्लेल्या शुष्क पदार्थाच्या टक्क्यात मोजायची असल्यामुळे हा तीन किलोंचा फरक किरकोळ नाही.

दुसरं मोजमाप उष्णतेचं. नुसत्या तापमानावर जाऊ नये. दमट हवेत घाम आणि धाप दोन्हींचा उपयोग घटतो, त्यामुळे तापमान आणि आर्द्रता एकत्र धरणारा टीएचआय काढावा. सूत्र असं: टीएचआय = (1.8 × तापमान + 32) − (0.55 − 0.0055 × आर्द्रता) × (1.8 × तापमान − 26). तापमान सेल्सिअसमध्ये, आर्द्रता टक्क्यांत. 22 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेला उत्तर 68 येतं, 25 अंश आणि 60 टक्क्यांना सुमारे 73, 32 अंश आणि 60 टक्क्यांना जवळपास 83. पूर्वी 72 ही ताणाची सीमा धरत असत. भरपूर दूध देणाऱ्या गाईंसाठी आता 68 धरतात. म्हणजे माणसाला छान वाटणाऱ्या हवेत 30 लिटरची गाय ताणात आलेली असू शकते. थर्मामीटर गाईच्या उंचीवर, गोठ्याच्या मधल्या भागात टांगावा. दारातल्या खांबावरचा आकडा नेहमी गोड असतो.

यंत्र नसेल तर श्वास मोजावेत. गाय शांत उभी किंवा बसलेली असताना कुशीची हालचाल 30 सेकंद मोजून दुप्पट करायची. मिनिटाला 60 च्या वर गेलं की ताण सुरू झाला, 80 च्या वर चांगलाच आहे. तोंड उघडं, जीभ बाहेर आणि लाळेची तार लोंबत असेल तर त्या दिवशी आहारात काहीही बदल करू नये, आधी गाय गार करावी.

हे सरळ सांगायला हवं, कारण फॅट विकताना अनेकदा उलटं सांगितलं जातं: फॅटने गाय गार होत नाही. सावली, पंखे, अंगावर पाणी आणि पिण्याचं पाणी यांची जागा कुठलीही गोणी घेत नाही. अंग केसांच्या मुळापर्यंत भिजेल असं मिनिटभर पाणी, मग चार-पाच मिनिटं पंख्याचा जोरदार वारा, पुन्हा पाणी. हा क्रम चालू नसेल तर फॅटवरचा खर्च थांबवून तो इकडे वळवावा. दमट आणि बंदिस्त गोठ्यात नुसतं धुकं सोडणारे फॉगर लावले तर आर्द्रताच वाढते आणि गाय जास्त धापते. पाण्याच्या टाकीत हात घालून बघावं. आपल्याला नको वाटेल इतकं कोमट किंवा शेवाळलेलं पाणी गाईलाही नको असतं. धारा काढून परतताना वाटेतच पाणी असेल तर त्या एका वेळी ती भरपूर पिते.

फॅटचा उपयोग दुसरीकडे आहे. चारा कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, आंबतो तेव्हा उष्णता निर्माण होते आणि जितका जाडाभरडा चारा, तितकी एका युनिट ऊर्जेमागे ती जास्त. फॅट कोठीपोटात आंबत नाही. ते पुढे लहान आतड्यात शोषलं जातं आणि शरीरात वापरलं जाताना कमी उष्णता सोडतं. शिवाय एका ग्रॅममधली ऊर्जा पिष्टाच्या दुपटीहून जास्त. गाय कमी घास घेत असेल तर प्रत्येक घासात थोडी जास्त ऊर्जा भरण्याचा हा मार्ग. त्यातून दूध पूर्वीच्या पातळीवर परत येईल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. ताणात दूध घटतं त्याचा मोठा भाग कमी खाण्याने येत नाही. शरीराची घडी बदलते, इन्सुलिन वाढलेलं राहतं, अंगावरची चरबी एरवीसारखी वितळून कामी येत नाही आणि ग्लुकोज शरीरच वापरून टाकतं. ते नुकसान फॅट भरून काढू शकत नाही.

कोणतं फॅट घ्यायचं

बाजारात साधारण तीन जाती दिसतात. पहिली कॅल्शियम सॉल्ट, म्हणजे पाम तेलातल्या स्निग्धाम्लांचा कॅल्शियमशी केलेला साबण. यात फॅट 82 ते 85 टक्के आणि कॅल्शियम 9 टक्क्यांच्या आसपास. कोठीपोटाचा सामू (पीएच) 6 च्या वर असेल तर हा साबण बराचसा तसाच राहतो. पुढे चौथ्या पोटातल्या तीव्र आम्लात कॅल्शियम सुटतं आणि स्निग्धाम्लं मोकळी होऊन आतड्यात जातात. दुसरी जात संपृक्त स्निग्धाम्लांचे दाणे, बहुतेक पामिटिक ॲसिड जास्त असलेले. पामिटिक ॲसिड 63 अंशांच्या आसपास वितळतं आणि कोठीपोट 39-40 अंशांवर असतं, म्हणून ते घट्टच पुढे सरकतं. त्याला साबणाच्या संरक्षणाची गरज नसते. तिसरी जात पूर्ण हायड्रोजनेट केलेलं तेल. हे सुटं स्निग्धाम्ल नसून अख्खं ट्रायग्लिसराइड, म्हणजे तीन स्निग्धाम्लं एकत्र बांधलेलं फॅट असतं. दिसायला पांढरंशुभ्र, वासाला काही नाही, गाई आवडीने खातात. पण ते इतकं कडक होतं की नीट पचत नाही आणि बराच भाग शेणातून जातो. लेबलवर नुसतं ‘फॅट 99 टक्के’ वाचून भुलू नये. स्निग्धाम्ल आहे की ट्रायग्लिसराइड, हे विचारावं.

पामिटिक जास्त असलेल्या फॅटने दुधाचं फॅट वाढायला मदत होते. कॅल्शियम सॉल्टमध्ये ओलेइक ॲसिडही बरंच असतं, त्याने पचन सुधारतं आणि ऊर्जा अंगावर टिकायलाही हातभार लागतो. उष्णतेच्या ताणात, नुकत्या भरात आलेल्या आणि अंगाने उतरलेल्या गाईंसाठी आम्ही कॅल्शियम सॉल्ट निवडलं. अंगाने बऱ्या, मधल्या वेतकाळातल्या गाईंना पामिटिकचे दाणे चालतात. मात्र एक अट लक्षात ठेवावी. कॅल्शियम सॉल्टचं संरक्षण सामूवर उभं आहे आणि उष्णतेत सामू घसरण्याची शक्यता जास्त. सामू 5.5 कडे गेला की साबण कोठीपोटातच फुटतो आणि जे बायपास म्हणून दिलं ते मोकळं तेल होऊन बसतं. म्हणून सोडा आणि लांब चारा यांच्याशिवाय हे फॅट देण्यात अर्थ नाही. त्याकडे पुढे येतो.

मोकळं तेल, भले ते स्वस्त मिळो, गव्हाणीत ओतू नये. असंपृक्त तेल तंतू पचवणाऱ्या जंतूंना मारक ठरतं, चाऱ्याच्या तंतूंवर त्याचा थर बसतो, आणि त्याच्यावर जंतूंची प्रक्रिया होताना जे अर्धवट पदार्थ तयार होतात त्यातले काही थेट कासेतल्या फॅटनिर्मितीला आळा घालतात. दूध तेवढंच, पण फॅट एकदम खाली, हा प्रकार बहुतेक वेळा यातूनच येतो.

अख्खी सरकी याला चांगला अपवाद आहे. तेल 18 ते 20 टक्के, प्रथिनं 23 च्या आसपास आणि तंतूही भरपूर. वरच्या कापसाच्या लवेमुळे ती कोठीपोटातल्या चाऱ्याच्या थरात अडकून राहते आणि तेल हळूहळू सुटतं. तीच सरकी भरडून दिली की सगळं तेल एकदम मोकळं होतं आणि फायदा संपतो. ढिगात कोपरापर्यंत हात घालावा. आत ऊब लागली किंवा कुबट वास आला तर त्या ढिगाला हात लावू नये. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, दुधात उतरतं.

गोणीची परीक्षा

कॅल्शियम सॉल्टची भेसळ पकडायला घरगुती उपाय आहे. काचेच्या दोन ग्लासांत दोन-दोन चमचे फॅट घ्यावं. एकात कोमट पाणी. ढवळल्यावर पाणी फार तर किंचित गढूळ होतं, वर तेलाचा तवंग येत नाही. आला तर तेवढं तेल साबणात बांधलं गेलेलंच नाही. दुसऱ्यात चांगलं गरम केलेलं व्हिनेगर. थोडा वेळ ढवळत राहिलं की कणांच्या कडा विरघळल्यासारख्या होतात आणि वर पिवळसर तेलकट थर जमू लागतो. गार झाल्यावर तो थर मेणासारखा थिजतो, बोटाने उचलता येतो. व्हिनेगर ओतताक्षणी सोड्यासारखं जोरात फसफसलं तर आत चुनखडीची भर आहे असं समजावं. ही परीक्षा टक्केवारी सांगत नाही, फक्त माल कोणत्या जातीचा आहे ते कळतं.

टक्केवारीसाठी प्रयोगशाळा, आणि तिथे एक खाच आहे. नेहमीच्या ईथर पद्धतीत कॅल्शियमला बांधलेलं फॅट नीट बाहेर पडत नाही, त्यामुळे चांगल्या मालाचाही आकडा कमी येतो आणि विक्रेत्याशी उगाच भांडण होतं. नमुना देताना आधी आम्लाने विघटन करून मग फॅट काढा, असं लिहून द्यावं.

ग्रॅमचा हिशेब

आता मूळ हिशेब. उष्णतेत 17 किलो शुष्क पदार्थ खाणारी, 25 लिटरच्या आसपासची गाय धरू. चारा आणि धान्यातून साधारण 3 टक्के फॅट मिळतं, म्हणजे 510 ग्रॅम. एकूण आहारात 6 टक्क्यांच्या पुढे जायचं नाही असं ठरवलं तर वरची मर्यादा 1,020 ग्रॅम. हातात उरले 510. अख्खी सरकी दीड किलो दिली तर तिच्यातून सुमारे 270 ग्रॅम तेल येतं. राहिले 240. कॅल्शियम सॉल्टमध्ये 84 टक्के फॅट धरलं तर 250 ग्रॅम पावडरीतून 210 मिळतात. एकूण 990 ग्रॅम, म्हणजे 5.8 टक्के. इथे थांबायचं.

हाच डोस चालू असताना उष्णतेची लाट आली आणि गाय 15 किलोवर उतरली तर? चाऱ्यातलं फॅट 450 वर येतं, पण सरकी आणि पावडर तेवढीच. एकूण 930 ग्रॅम भागिले 15 किलो, म्हणजे 6.2 टक्के. आपण चमचाभरही वाढवलं नाही आणि मर्यादा ओलांडली गेली. लाटेत दूध पडलं म्हणून फॅट वाढवण्याचा मोह याच वेळी होतो. तेव्हा उलट सरकी किलोवर आणावी लागते.

पावडर कशाच्या जागी टाकायची, यावर सगळा खेळ आहे. कॅल्शियम सॉल्टच्या किलोमागे दुधासाठीची ऊर्जा 5 मेगाकॅलरीच्या आसपास, मक्याची 2. 250 ग्रॅम पावडर म्हणजे 1.25 मेगाकॅलरी. आम्ही तेवढ्यासाठी अर्धा किलो मका भरडा काढला, म्हणजे 1 मेगाकॅलरी गेली. ऊर्जेत फायदा फक्त पाव मेगाकॅलरीचा, पण पिष्ट तीनशे ग्रॅमहून जास्त घटलं, आम्लतेचा धोका कमी झाला आणि पाव किलो शुष्क पदार्थाची जागा चांगल्या चाऱ्यासाठी मोकळी झाली. मक्याची फक्त पाव किलो जागा घेतली तर फायदा पाऊण मेगाकॅलरीचा, म्हणजे साधारण लिटरभर दुधाची ऊर्जा. ऐकायला बरं वाटतं. पण फॅटने भूक मंदावते, विशेषतः असंपृक्त फॅटने, आणि गाय अर्धा किलो आहार कमी खाऊ लागली की तो पाऊण मेगाकॅलरीचा फायदा जिथल्या तिथे संपतो. पुन्हा तीच गव्हाण आणि तोच तराजू.

एक गोष्ट करू नये: फॅटसाठी चारा कमी करणं. उष्णतेत चारा कमी आणि खुराक जास्त, ही जुनी सवय आहे. गाईलाही ते हवं असतं, कारण खुराक पचताना उष्णता कमी निर्माण होते. पण चाऱ्यातून येणारे तंतू शुष्क पदार्थाच्या 19 ते 21 टक्क्यांच्या खाली गेले की रवंथ घटतो, लाळ घटते आणि सामू ढासळतो. चारा तेवढाच ठेवून त्याची प्रत सुधारायची. कोवळ्यात कापलेला, पचायला हलका चारा उष्णताही कमी निर्माण करतो.

सुरुवात आणि पहिले दोन आठवडे

पहिल्या दिवसापासून 250 ग्रॅम कधीच टाकू नये. आम्ही उष्णता चढण्याच्या दोन आठवडे आधी 50 ग्रॅमने सुरुवात केली, दर तीन-चार दिवसांनी 50 ग्रॅम वाढवत गेलो. लाट आल्यावर सुरू केलं तर गाय आधीच खाणं टाकत असते आणि नव्या वासाचं तिला निमित्तच मिळतं.

वासाचा प्रश्न खरा आहे. कॅल्शियम सॉल्टला कपड्याच्या साबणासारखा, किंचित उग्र वास येतो. खुराकावर वरून भुरभुरली की गाय नाकाने फुंकर मारून पावडर उडवते, मग कडेकडेने खाते. शेवटी गव्हाणीच्या तळाशी पांढुरका थर राहतो. तो थर म्हणजेच त्या दिवशी न खाल्लेलं फॅट. उपाय साधा: आधी भरड्यात मिसळायचं. 20 गाईंचे 5 किलो फॅट थेट मिक्सरमध्ये टाकलं तर काही गाईंना दुप्पट आणि काहींना काहीच मिळत नाही. तेच 5 किलो 25 किलो भरड्यात फावड्याने तीन वेळा खालीवर करून घेतलं, मग ते मिश्रण यंत्रात टाकलं आणि शेवटचा घटक पडल्यावर तीन ते पाच मिनिटं फिरवलं. त्याहून जास्त फिरवलं की लांब चाऱ्याचा भुगा होतो. कोरड्या मिश्रणावर थोडं पाणी मारलं तर पावडर चाऱ्याला चिकटते आणि निवडून बाजूला काढता येत नाही.

मापाचा मग हा चुकांचा मोठा कारखाना. पावडर आणि दाणे यांचं वजन एकाच मगात सारखं भरत नाही. त्याच कंपनीच्या दुसऱ्या गोणीतही फरक पडू शकतो. नवी गोणी फोडली की मापाचा मग भरून तराजूवर ठेवायचा आणि 250 ग्रॅमची रेघ नव्याने मारायची.

वैरण टाकण्याची वेळही बदलली. चारा खाल्ल्यावर तीन-चार तासांनी आंबण्याची उष्णता शिखरावर येते. सकाळी नऊला पोटभर खाल्लं तर ते शिखर भर दुपारी येतं. म्हणून दिवसाच्या आहाराचा 60 ते 70 टक्के भाग संध्याकाळी उशिरा आणि पहाटे दिला, दुपारी फक्त वैरण पुढे ओढून दिली. उष्णतेत मुरघासाचं मिश्रण गव्हाणीतच तापतं. हात घातल्यावर कोमट लागलं तर गाय ते खाणार नाही, आणि त्यात फॅट मिसळलेलं असेल तर दोष फॅटवर जातो.

सोडा, पोटॅशियम, मॅग्नेशियम

धापणारी गाय कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकत राहते. रक्त अल्कधर्मी होऊ लागतं, मूत्रपिंड बायकार्बोनेट मूत्रातून सोडतं आणि लाळेसाठी ते कमी पडतं. उरलेली लाळ तोंडातून जमिनीवर गळते. परिणाम असा की रक्त अल्कधर्मी आणि कोठीपोट आम्लधर्मी. म्हणून खाण्याचा सोडा दिवसाला 150 ते 200 ग्रॅम, खुराकात मिसळून. घामातून गाय पोटॅशियम गमावते. आहारात ते शुष्क पदार्थाच्या 1.5 टक्के, सोडियम 0.4 ते 0.5 टक्के ठेवावं. सोडियम सोड्यातून आणि मिठातून येतं, पोटॅशियम कमी पडलं तर पोटॅशियम कार्बोनेटमधून.

फॅट दिलं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियमकडे वेगळं लक्ष द्यावं लागतं. मोकळी स्निग्धाम्लं आतड्यात या दोघांना पकडून साबण करतात आणि ते शेणातून जातात. मॅग्नेशियम 0.35 टक्के आणि कॅल्शियम 0.9 ते 1 टक्का. 17 किलोला मॅग्नेशियम सुमारे 60 ग्रॅम लागतं आणि चारा-खुराकात जितकं कमी पडतं तितकं मॅग्नेशियम ऑक्साइडमधून भरावं. 250 ग्रॅम कॅल्शियम सॉल्टमधून 22 ग्रॅम कॅल्शियम येतं, ते हिशेबात धरावं, पण तेवढ्यावर चुनखडी बंद करू नये. पामिटिकचे दाणे आणि सरकी यांतून जवळजवळ काहीच कॅल्शियम येत नाही.

प्रथिनांचा प्रश्न जरा कमी बोलला जातो. फॅटमधून कोठीपोटातल्या जंतूंना काही मिळत नाही. मका कमी केला की जंतूंची वाढ थोडी घटते आणि दुधाचं प्रथिन एक दशांश टक्क्याच्या आसपास खाली येऊ शकतं. त्यावर युरिया वाढवणं हा उलटा उपाय. जादा अमोनिया बाहेर टाकायला गाईला ऊर्जा लागते, जी तिच्याकडे आधीच कमी आहे. कोठीपोटात कमी विरघळणारी प्रथिनं, जसं उष्णता दिलेली सोयाबीन पेंड, इथे कामाची.

बिघडतं कसं आणि कळतं कसं

पहिली खूण गव्हाणीत. उरलेलं वजन सलग दोन दिवस वाढलं तर डोस एक पायरी खाली. दुसरी खूण शेणात. चांगल्या शेणाचा पो दोन-तीन बोटं जाड आणि मध्ये खळगा पडलेला असतो. तो पसरट, चकचकीत आणि राखाडी झाला, त्यात मक्याचे तुकडे दिसू लागले, तर पचन बिघडलं आहे. चाळणीत शेण पाण्याने धुऊन पाहावं. अर्ध्या इंचाहून लांब तंतू बरेच राहिले तर तंतू पचवणारे जंतू त्रासात आहेत. मग सरकी कमी, पावडर निम्मी.

तिसरी खूण दुधात, पण उशिरा येणारी. मोकळ्या तेलाने दुधाचं फॅट घसरायला आठवडा-दहा दिवस लागतात, सावरायला दोन-तीन आठवडे. म्हणून कारण शोधताना कालची वैरण पाहून उपयोग नाही, दहा दिवसांपूर्वीची वही उघडावी. आणि सगळा दोष फॅटचाही नसतो. गाई मिश्रणातला खुराक निवडून खात असतील तर परिणाम तोच दिसतो. 19 मिलिमीटरच्या जाळीवर सकाळी टाकलेलं आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं चाळून बघावं. उरलेल्यात वरच्या जाळीवर फारच जास्त लांब काड्या राहिल्या तर गाई निवड करत आहेत. चारा आखूड कापावा, पाणी मारावं.

रवंथ मोजायला दुपारची वेळ बरी. बसलेल्या दहा गाईंपैकी पाच-सहा रवंथ करत असाव्यात. भर उष्णतेत हा आकडा थोडा पडतो, पण दोनवर आला तर सोडा आणि चारा तपासावा.

कोणाला देऊ नये हेही ठरलेलं असावं. व्यायल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे आम्ही जास्तीचं फॅट टाळलं. तेव्हा गाईची भूक नुकती सावरत असते आणि फॅटने ती पुन्हा बसते. आटलेल्या गाईंना फॅट नाही. त्यांना सावली आणि पंखा मात्र तितकाच हवा, कारण आटलेल्या काळात तापलेली गाय पुढच्या वेतात कमी दूध देते. वेताच्या शेवटच्या टप्प्यातल्या, अंगाने भरलेल्या, 10-12 लिटरच्या गाईला दिलेलं फॅट अंगावर चढतं आणि पुढच्या बाळंतपणात त्रास होतो. मोकाट गोठ्यात सगळ्या एकाच गव्हाणीवर असतील तर गट पाडल्याशिवाय हा खर्च करू नये, ही आमची ठाम भूमिका आहे.

बंद करताना

रात्री गार पडू लागल्या आणि टीएचआय सलग आठवडाभर 68 च्या खाली राहिला, की खाणं आठ-दहा दिवसांत वाढायला लागतं. 250 ग्रॅम पावडर तेव्हा 20 किलोंत विरून जाते, टक्केवारी आपोआप खाली येते. तरी फॅट एकदम तोडलं नाही. दर तीन दिवसांनी 50 ग्रॅम कमी केलं आणि प्रत्येक पायरीला मका भरडा 100 ग्रॅमने परत वाढवला. मका एकाच दिवशी अर्धा किलो परत टाकला तर उष्णतेत जपलेला सामू गार हवेत घसरतो. फॅटची पावडर संपल्यानंतरही सोडा दोन आठवडे चालू ठेवला.

उरलेली अर्धी गोणी पत्र्याखाली ठेवू नये. कॅल्शियम सॉल्टचे तिथे गठ्ठे होतात आणि ते फोडताना भुगा उडतो. तोंड घट्ट बांधून, जमिनीपासून वर, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावी. पुढच्या वेळी उघडताना साबणाचा वास आला तर ठीक. जुन्या तळणीच्या तेलासारखा खवट वास आला तर ती गोणी गव्हाणीजवळ नेऊ नये.